गाणारा पडदा आणि घरचा गळा

मुलांना गाणें केव्हां शिकवावें, या प्रश्नाचें आमच्यासारख्या घरांतील उत्तर बहुधा ठरलेलें असतें. मूल सात-आठ वर्षांचें झालें, कीं त्याला पेटीच्या किंवा गाण्याच्या वर्गास घालावयाचें. आठवड्यांतून दोन दिवस तें तेथें जाऊन सरगम घोटतें, वर्षाअखेर परीक्षेस बसतें आणि पाहुण्यांसमोर एखादा छोटा ख्याल म्हणून दाखवितें. त्याच्या आधींच्या सहा-सात वर्षांत त्याच्या कानांवर काय पडतें, याचा विचार करण्याची गरज आमच्या आजोबांना कधीं पडली नाहीं. कारण तीं वर्षें घरांतील बायकांच्या स्वाधीन असत, आणि बायका गात असत. आज तीं वर्षें बव्हंशीं टीव्हीच्या स्वाधीन झालीं आहेत. हा गुरु कोणीं मुद्दाम नेमलेला नाहीं. तो घरांत आला, बैठकीच्या खोलींत त्यानें मधली जागा घेतली, आणि घरांतील सर्वांत लहान शिष्य आपण होऊन त्याच्यापुढें जाऊन बसले.

हा गुरु चांगला कीं वाईट, यावर नुसता वाद घालण्यांत फारसा अर्थ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो घरांत आहे, आणि उद्यांही राहणार आहे. आम्हांस या लेखांत एवढेंच पाहावयाचें आहे कीं, 'माझ्याबरोबर म्हणा' असें सांगणारीं जीं लोकगीतें आणि बडबडगीतें टीव्हीवर लागतात, त्यांपासून लहान मुलाला संगीत मिळतें काय, आणि मिळत असल्यास तें कोणत्या अटीवर मिळतें. गेल्या दीड वर्षांत आमच्या स्वतःच्या घरांत या प्रश्नाला निकडीचें स्वरूप आलें, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेकडे पाहूं. आश्विनांत सूर्य हस्त नक्षत्रांत आला, कीं पाटावर हत्ती काढून त्याच्याभोंवतीं मुली फेर धरीत. कोठें त्याला भोंडला म्हणत, कोठें हादगा. विदर्भांत भुलाबाईचीं गाणीं याच सुमारास म्हटलीं जात. या गाण्यांना कोणी संगीत म्हणत नसे. तो मुलींचा खेळ होता. परंतु जिला संगीतशिक्षणाची पद्धति म्हणतात, ती या खेळांत जवळजवळ संपूर्ण होती. बहुतेक गाण्यांची चाल चार-पांच स्वरांच्या आंत फिरते. त्यामुळें चार वर्षांच्या मुलीच्या गळ्यालाही ती पेलते. तीच ओळ थोड्या फरकानें पुन्हां पुन्हां येते. त्यामुळें पाठांतर वेगळें करावें लागत नाहीं. सासुरवाशीण माहेरीं जाण्याची परवानगी मागते आणि सासू तिला आधीं कारल्याचा वेल लावावयास सांगते, त्या सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यांत वेलाच्या वाढीबरोबर एकेक पायरी वाढत जाते. पुढें काय येणार हें लहान मुलीला कळलेलें असतें, आणि तरीही तें येण्याची वाट पाहण्यांत तिला गोडी वाटते. एक मोठी मुलगी आरंभ करी, बाकीच्या उचलीत. ताल पायांत असे. फेरांत चुकीच्या मात्रेवर पाऊल पडलें, तर शेजारणीचा धक्का लागे, आणि तेवढ्यानेंच पाऊल सुधारे. शेवटीं खिरापत ओळखावयाची. म्हणजे बक्षीसही होतें, आणि तें सर्वांना सारखें होतें.

भोंडला वर्षांतून थोड्या दिवसांचा. परंतु जात्यावरची ओवी रोजची होती. पहांटे आईच्या मांडीवर डोकें ठेवून निजलेल्या मुलाच्या कानांत जात्याची घरघर आणि ओवी एकदमच शिरत. साने गुरुजींनीं अशा ओव्या 'स्त्रीजीवन' या ग्रंथांत प्रेमानें गोळा केल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या पुढाकारानें महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या जमविल्या गेल्या. एवढें धन बायकांच्या कंठांत होतें, आणि तें कोणत्याही शाळेंतून आलेलें नव्हतें. गिरणी आली तेव्हां जातें गेलें. याबद्दल आम्ही हळहळ व्यक्त करणार नाहीं; ज्या हातांना फोड येत, त्या हातांना जात्यापासून सुटका हवीच होती. मात्र ओवी त्या श्रमाला जोडलेली असल्यामुळें जात्याबरोबर तीही माजघरांतून उठून गेली. वाडे पडून सदनिका झाल्या, अंगण गेलें. फेर धरण्यास जागाही राहिली नाहीं. मुलाच्या कानांतील एक मोठी जागा अशा रीतीनें हळूहळू रिकामी झाली.

टीव्हीनें ती जागा एका दिवसांत घेतली नाहीं. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं मुलांसाठीं पडद्यावर जें मिळे तें थोडें होतें, आणि ठरल्या वेळींच मिळे. १९७४ सालीं विजया मुळे यांनीं केलेला 'एक अनेक और एकता' हा चिमुकला चित्रपट अनेक वाचकांस आठवत असेल. त्याचें संगीत वसंत देसाई यांचें होतें. धाकटा भाऊ प्रश्न विचारतो, ताई त्याला उत्तर देते, आणि तें उत्तर बघतां बघतां गाण्यांत शिरतें. पुढें १५ ऑगस्ट १९८८ रोजीं 'मिले सुर मेरा तुम्हारा' हें गीत प्रथम दिसलें. पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजानें आरंभ होणारें हें भैरवींतील गीत लागलें, कीं आमच्या घरांतील त्या वेळचीं मुलें हातांतलें टाकून धांवत येत, आणि प्रत्येक भाषेची ओळ आपापल्या उच्चारानें म्हणत. त्यांच्याबरोबर घरांतील मोठीं माणसेंही म्हणत. घरांत एकच संच, त्यावर एकच वाहिनी, आणि त्याच्याभोंवतीं बसलेलें सगळें घर, अशी तेव्हां स्थिति होती. एकत्र गाण्याचा तो प्रसंग पडद्यामुळें घडला, हें त्याचें श्रेय कोणीं नाकारूं नये.

आतांची स्थिति निराळी आहे. टीव्हीवर इंटरनेटवरचीं गाणीं लागतात, तीं वाटेल तेव्हां लागतात, आणि एक संपतें न संपतें तोंच दुसरें आपोआप सुरू होतें. 'बेबी शार्क' हें गाणें ठाऊक नसलेलें तीन वर्षांचें मूल आज शहरांत क्वचितच आढळेल. मूळचें तें अमेरिकेंतील मुलांच्या शिबिरांत हातवारे करून म्हणावयाचें गाणें. दक्षिण कोरियांतील एका संस्थेनें २०१६ सालीं त्याची चित्रफीत काढली, आणि जानेवारी २०२२ पर्यंत ती यूट्यूबवर १,००० कोटींहून अधिक वेळां पाहिली गेली. म्हणजे एका अर्थीं तेंही लोकगीतच. कोणत्याही लोकगीताप्रमाणें त्यांतही एकच बोल घोळून घोळून येतो. फरक इतकाच कीं, शिबिरांत तें पन्नास मुलें मिळून म्हणत, आणि येथें एकच मूल सतरंजीवर बसून तें पाहतें.

मुलांना लोकगीतांतून संगीताची ओळख करून देण्याचें काम ज्यांनीं आयुष्यभर केलें, त्यांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एला जेन्किन्स यांचें नांव आदरानें घ्यावें लागेल. ६ ऑगस्ट १९२४ रोजीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. १९५७ सालीं त्यांची मुलांसाठीं पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या नांवांतच 'हांक आणि प्रतिसाद' हे शब्द होते. टीव्हीवरील मुलांच्या कार्यक्रमांतही त्या गात. ९ नोव्हेंबर २०२४ रोजीं, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, त्या निवर्तल्या. त्यांची रीति अगदीं साधी होती. आपण एक ओळ म्हणावयाची, आणि मुलांनीं ती परत म्हणेपर्यंत थांबावयाचें. हांकेला उत्तर देऊन गाण्याची ही परंपरा आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या लोकांनीं अमेरिकेंत जिवंत ठेवली होती. आपल्याकडे कीर्तनांत आणि भजनांत मागचे टाळकरी ओळ उचलतात, भोंडल्यांत बाकीच्या मुली उचलतात, तीच ही गोष्ट. गाणारें माणूस थांबतें, ऐकतें, आणि उत्तर आल्यावर पुढें जातें. थांबण्याची ही कला पडद्याला अर्धीच साधते. चित्रांतील बाई ओळ म्हणून थांबते खरी. परंतु समोरच्या मुलानें उत्तर दिलें कीं नाहीं, हें तिला ऐकूं येत नाहीं. उत्तर न येतांही ती हंसून 'शाबास' म्हणते आणि पुढची ओळ सुरू करते.

हा फरक केवढा मोठा आहे, हें आमच्या घरांत कळून आलें. आमचें घर बारा माणसांचें आहे: दादा आणि वहिनी, आम्ही आणि आमची पत्नी, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडें. यांतील सर्वांत धाकटा नातू अडीच वर्षांचा झाला तरी जेमतेम दहा शब्द बोलत असे. 'मुलगे उशिरांच बोलतात' असें म्हणून घरांतील वडील मंडळींनीं सहा महिने काढले. शेवटीं सूनबाई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानांची तपासणी झाली. ऐकूं उत्तम येत होतें. डॉक्टरांनीं वाचातज्ज्ञ बाईंकडे जाण्यास सांगितलें, आणि निघतां निघतां विचारलें, "घरांत टीव्ही किती वेळ असतो?" तिनें खरें तें सांगितलें: सकाळीं दोन तास, संध्याकाळीं दोन तास, बहुतेक मुलांचीं गाणींच. त्यावर डॉक्टरांनीं तो वेळ एका तासाच्या आंत आणण्यास, आणि त्या तासांतही कोणीतरी जवळ बसण्यास बजावलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं हीच मर्यादा सांगितली आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकांठीं एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसवूं नये, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर बैठक बसली. दादांनीं एका वाक्यांत निकाल दिला, "उद्यांपासून हा टीव्ही बंद."

सूनबाई थोडा वेळ खालीं मान घालून बसली. मग म्हणाली, "काका, बंद करूं या. पण सकाळीं सात ते नऊ या वेळांत बारा माणसांचा चहा, नाश्ता आणि पांच डबे होतात. तेवढ्या वेळांत बाळाला कोणीं घ्यावयाचें, तेंही आत्तांच ठरवूं या." कोणीच कांहीं बोलेना, तेव्हां ती पुढें म्हणाली, "आणि दुसरें असें, कीं हांक मारली तर तो वळून बघत नाहीं; पण गाणें लागलें कीं डोलतो. तेवढी एकच गोष्ट त्याला आवडते. तीही काढून घ्यावयाची का?"

हें शेवटचें वाक्य बोलतांना तिचा आवाज बदलला. चार तासांचा टीव्ही हा तिचा आळस होता असें त्या क्षणापर्यंत ज्यांना वाटत असेल, त्यांनाही तो घरांतील सगळ्यांच्या सोयीचा हिशेब होता हें कळलें असावें. पुरुषमंडळी वर्तमानपत्र वाचीत, आणि मुलाला पडदा सांभाळी.

उत्तर वहिनींनीं दिलें. वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. भोंडल्याचीं आणि मंगळागौरीचीं गाणीं त्यांना पुष्कळ येतात. परंतु घरांत तीं म्हणण्याचा प्रसंग पंधरा-वीस वर्षांत आलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "गाणीं कशाला बंद करतां? त्याला जीं आवडतात तीं आपणच शिकूं. टीव्हीनें म्हणावयाचें तें आपण म्हणूं." मग दादांकडे वळून, "आणि अहो, सकाळीं सात ते नऊ तुम्ही घ्या त्याला. पेपर दहाला वाचला तरी तोच असतो." आम्हीही या कामांत आमचा वांटा मागितला, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा आवाज अगदीं खर्जांतला. तुम्ही टाळ्या धरा." त्या दिवसापासून आम्ही टाळ्या धरीत आहों.

दुसऱ्या दिवसापासून एक मौजेचा वर्ग भरूं लागला. दुपारीं बाळ निजलें, कीं वहिनी आणि शाळेंतून आलेली आमची दहा वर्षांची थोरली नात टीव्हीसमोर बसत. आजी चष्मा लावून शब्द वहींत उतरून घेई. नात चाल थांबवून, मागें नेऊन पुन्हां लावी. एका आठवड्यांत चार गाणीं झालीं. या चारांत एक गाणें भोंडल्याचें होतें. तें ऐकतांच वहिनी म्हणाल्या, "हें असें नाहीं, यानें अर्धें गाणें गाळलें," आणि गाळलेलीं कडवीं त्यांनीं तेथल्या तेथें म्हणून दाखविलीं. ज्या पडद्यानें आजीचें गाणें मागें पाडलें असें आम्ही समजत होतों, त्याच पडद्यामुळें तें गाणें आजीला पुन्हां आठवलें, हेंही येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

गाणीं घरच्या गळ्यांत आलीं तेव्हां दोन-तीन गोष्टी ध्यानांत आल्या. टीव्हीवरील चाल फार जलद होती. शब्दांवर शब्द पडत, आणि मुलाला तोंड उघडण्यास अवसर राहत नसे. वाद्यांचा गलबला इतका, कीं मूळ सूर शोधून काढावा लागे. कांहीं गाण्यांचा विस्तार चित्रपटगीतांसारखा दीड सप्तकाचा होता. तीन-चार वर्षांच्या मुलाचा गळा साधारणपणें पेटीच्या मधल्या सप्तकांत सफेद दोनपासून सफेद सहापर्यंत सुखानें चालतो. त्याच्या पलीकडे तें मूल एकतर ओरडतें, किंवा गप्प बसतें. वहिनींनीं चाल संथ केली, पट्टी सोयीची धरली, वाद्यें काढून टाकलीं, आणि ओळीच्या शेवटच्या अक्षराआधीं थांबण्यास आरंभ केला. वाचातज्ज्ञ बाईंनींही हेंच सांगितलें होतें: "ओळ पुरी करूं नका. त्याची वाट पाहा."

तीन आठवडे कांहीं झालें नाहीं. वहिनी थांबत, तो त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे, त्या मनांत दहा आंकडे मोजीत आणि स्वतःच ओळ पुरी करीत. दादांचा धीर सुटूं लागला होता. चौथ्या आठवड्यांत एका संध्याकाळीं दिवेलागणीच्या वेळीं वहिनी अशाच थांबल्या असतां त्यानें तें अक्षर म्हटलें. अक्षर थोडें बोबडें होतें. सूर मात्र जवळजवळ जेथें असावा तेथेंच होता. वहिनी कांहीं न बोलतां पुढची ओळ म्हणाल्या, आणि पुन्हां थांबल्या. त्यानें पुन्हां म्हटलें. स्वयंपाकघराच्या दारांत सूनबाई हातांत उलथनें घेऊन उभी होती. तव्यावरची पोळी करपली, तरी त्या दिवशीं कोणीं कांहीं बोललें नाहीं.

येथें आम्ही कोणताही चमत्कार सांगत नाहीं. वाचातज्ज्ञ बाईंचे आठवड्याचे दोन पाठ तेव्हांपासून चालूच आहेत. मुलाचें वयही वाढत होतें. दादांसारख्या माणसाबरोबर रोज सकाळचे दोन तास घालविणें हेंही लहानसहान शिक्षण नव्हे. कशानें किती गुण आला, हें सांगतां येणार नाहीं. ज्यांच्या मुलाला बोलण्यास उशीर होत असेल, त्यांनीं प्रथम तज्ज्ञांकडेच जावें. गाण्यावर भिस्त ठेवून दिवस घालवूं नयेत. आज आमचा नातू चार वर्षांचा आहे. त्याला बारा गाणीं येतात. बोलण्यांत तो आपल्या वयाच्या मुलांहून अजून मागें आहे, आणि लांब वाक्यांत अडखळतो; गाण्यांत मात्र अडखळत नाहीं.

परंतु जिवंत माणूस आणि पडदा यांतील फरकाविषयीं शास्त्राचा एक दाखला येथें देण्याजोगा आहे. अमेरिकेंतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत पॅट्रिशिया कूल आणि त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या मुलांना बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविण्यांत आली. कांहीं मुलांसमोर चिनी बोलणारीं माणसें प्रत्यक्ष बसून पुस्तकें वाचीत आणि खेळत. दुसऱ्या कांहीं मुलांना त्याच माणसांचें तेंच बोलणें पडद्यावर दाखविण्यांत आलें. पहिल्या मुलांचे कान चिनी भाषेंतील सूक्ष्म उच्चारभेद ओळखूं लागले. दुसऱ्या मुलांत आणि चिनी मुळींच न ऐकलेल्या मुलांत कांहींच फरक आढळला नाहीं. हा प्रयोग भाषेचा आहे, गाण्याचा नव्हे, आणि तोही तान्ह्या मुलांवरचा. त्यावरून गाण्याविषयीं ठाम सिद्धांत काढणें योग्य होणार नाहीं. तथापि आमच्या घरांत जें दिसलें, त्याच्याशीं तो जुळतो एवढें खरें.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, भोंडल्याच्या गाण्यांतील सासुरवास आजच्या मुलांना कशास ऐकवावा? हा आक्षेप आमच्या धाकट्या सुनेनें, आणि तोही वहिनींसमोरच, घेतला. वहिनी म्हणाल्या, "अगं, तीं गाणीं सासूच्या कौतुकाचीं नाहींत. तिच्यापुढें बोलतां येत नसे, म्हणून मुली फेरांत बोलून घेत." हें उत्तर आम्हांस पटलें. मूल मोठें झालें कीं त्याला हा अर्थ समजावून सांगावा. तोंपर्यंत कारल्याचा वेल हा त्याच्या दृष्टीनें कारल्याचा वेलच असतो.

दुसरा आक्षेप जरा खोल आहे. लोकगीतांच्या नादीं लागून मुलाचा कान शास्त्रीय संगीतास पारखा होईल, अशी भीति कित्येक सुशिक्षित घरांत अजून आहे. त्यांनीं कुमार गंधर्वांचें उदाहरण आठवावें. १९४८ सालीं क्षयाच्या आजारामुळें ते देवासला जाऊन राहिले. गाण्याची बंदी असलेल्या त्या वर्षांत माळव्यांतील बायाबापड्यांचीं गाणीं त्यांच्या कानांवर पडत गेलीं, आणि त्या लोकधुनांतूनच पुढें त्यांचे धुनउगम राग उदयास आले. एवढ्या थोर गवयाला जें झरे म्हणून उपयोगीं पडलें, तें आमच्या पोरांना अपाय करील हें संभवत नाहीं. शिवाय येथें टीव्हीचा एक उपकारही सांगितला पाहिजे. आमच्या लहानपणीं आमच्यासारख्या वाड्यांत भोंडला आणि मंगळागौर येत असे. कोळ्यांचें गाणें, धनगरांच्या ओव्या, गोंधळ्यांचें संबळ हीं आमच्या दिंडीदरवाजाच्या बाहेरच राहत. शाहीर साबळे यांनीं 'महाराष्ट्राची लोकधारा'मधून हीं सर्व गाणीं रंगभूमीवर आणलीं. पडद्यानें तसलीं गाणीं घरोघर पोंचविलीं. पैठणच्या एकनाथांनीं भारुडें रचतांना जोशी, वासुदेव, गोंधळी अशा सर्वांचे बोल आपल्या मुखीं घेतले होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या घरांनीं मुलांच्या कानांना सोंवळें नेसवूं नये.

आमच्या अनुभवावरून जें थोडेंफार समजलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून सांगतों. दोन वर्षांच्या आंतील मुलाला पडदा नकोच. त्याला मांडी आणि अंगाई पुरे. त्याहून मोठ्या मुलासाठीं तीन-चार गाणींच निवडावीं, आणि तीं महिनाभर बदलूं नयेत. लहान मुलाला नव्याची हौस आपण समजतों तितकी नसते. चाल साधी, ओळ आखूड आणि धृपद पुन्हां पुन्हां येणारें असावें. टीव्हीवर गाणें एकदां मुलाबरोबर बसून ऐकावें, मग पडदा बंद करून तेंच गाणें सर्वांनीं मिळून संथपणें म्हणावें. पुरुषांचा आवाज खालच्या सप्तकांत असल्यामुळें लहान मुलाला तो सूर पकडणें जड जातें. म्हणून आरंभ घरांतील एखाद्या बाईनें किंवा मोठ्या मुलीनें करावा, आणि पुरुषांनीं ताल धरावा. मूल चुकलें तर थांबवून सुधारूं नये. आपण बरोबर म्हणत राहावें, तें हळूहळू जवळ येतें. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव बरें' हा आग्रह तर कटाक्षानें टाळावा. आणि फेरांत मुलींबरोबर मुलांनाही घ्यावें. आमचे दोन्ही नातू गेल्या आश्विनांत बैठकीच्या खोलींत पाटाभोंवतीं नाचले, आणि खिरापत ओळखण्यांत थोरल्यानेंच बाजी मारली.

शेवटीं घरांतील मोठ्या माणसांना एक विनंती करावीशी वाटते. आपला आवाज चांगला नाहीं, ही सबब आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. पडद्यावर इतके सुरेल गळे असतांना आपण कशाला, असें त्यांना वाटतें. वहिनींचा आवाजही आतां कांपतो, आणि वरच्या स्वरावर तुटतो. पण मुलाला त्याच आवाजाच्या तोंडाकडे पाहावेंसें वाटलें. कारण तो आवाज त्याच्यासाठीं थांबत होता. आश्विन दरवर्षीं येतो. ज्यांच्या घरांत अशीं गाणीं येणारें एखादें म्हातारें माणूस अजून आहे, त्यांनीं येत्या हस्ताची वाट न पाहतां आजच संध्याकाळीं त्याला मुलांजवळ बसवावें, आणि पहिली ओळ म्हणावयास सांगावें.